सत्तर लिटर पाणी

शंकेखोर : गाडीवर उचलून उघडणारं छप्पर बसवलंत, आत दोन बिछाने, छोटा ओटा, बेसिन, सगळं हौसेनं केलंत. आरटीओचं काय केलंत ते मी विचारत नाही. गाडीत मनाला येईल तो बदल करू गेलं की मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार. माझा प्रश्न पाण्याचा आहे. बिल्डिंगच्या खालच्या नळाला नळी लावून तुम्ही गाडीची टाकी भरता आणि त्याच वेळी गेटवर टँकर खाली होत असतो. वॉचमन गप्प बसतो, कारण तुम्ही मेंबर. मी गप्प बसत नाही. मीरा-भाईंदरला स्वतःचं धरण नाही. उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला समुद्र, पूर्वेला राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, मध्ये मिठागरं. गोडं पाणी येतं ते उल्हास खोऱ्यातून, स्टेम या पाणीपुरवठा कंपनीच्या आणि एमआयडीसीच्या लाइनींनी, आणि वाटेत ठाणे-भिवंडीसारखी तहानलेली शहरं बसलेली. आपण लाइनीच्या शेवटाला. अशा गावात कुणी सहलीसाठी टाकी भरावी, हे मला खटकतं.

हौशी : किती मोठी टाकी? सत्तर लिटर. आता तुमच्याच भाषेत हिशेब करू. सरकारी मापानं शहरातल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर. आम्ही चौघं दोन दिवस घरी राहिलो तर त्या मापानं १,०८० लिटर वापरू. गाडीत तेच दोन दिवस ७० लिटरमध्ये काढतो. म्हणजे मी सोसायटीचं पाणी नेतो की मागे ठेवून जातो? आणि खटकायचंच असेल तर रोज सकाळी त्याच नळावर गाड्या धुतल्या जातात, त्या खटकू द्या. आदर्श उपविधींप्रमाणे आपल्याकडे पाणीपट्टी घरातल्या नळजोडांच्या संख्येवर आणि आकारावर वाटली जाते, वापरावर नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या एकट्या आजी आणि सहा जणांचं कुटुंब, दोघांच्या घरात नळ तेवढेच असतील तर बिल तेवढंच. या कारभारात माझे सत्तर लिटर तेवढे तुमच्या डोळ्यांत आले, कारण त्यांना आकार आहे. बाकीचं पाणी दिसत नाही.

शंकेखोर : १३५ लिटरचा हिशेब कागदावरचा. शटडाऊनच्या आठवड्यात कुणाला १३५ मिळतात? आणि ७० लिटरमध्ये चौघं दोन दिवस राहतात म्हणजे अंघोळ, संडास, कपडे हे सगळं दुसऱ्या कुणाच्या तरी पाण्यावर चाललं. पेट्रोल पंपाच्या, ढाब्याच्या, एखाद्या गावच्या. तुम्ही वापर कमी केला नाहीत, पत्ता बदललात. पण नळाचं भांडण बाजूला ठेवू. मला खरी शंका दुसरीच आहे. पत्र्याच्या गाडीत, उन्हात, प्लास्टिकच्या डब्यात साठवलेलं पाणी तुम्ही मुलांच्या तोंडाला लावता. घरी त्याच मुलांना फिल्टरशिवाय पाणी देत नाही.

हौशी : म्हणूनच म्हणतो, टाकी भरणं म्हणजे नळी खुपसून नळ सोडणं नव्हे. आधी नळीच घ्या. झाडांना पाणी घालायची नळी उन्हात पडून असते, तिच्यात आदल्या खेपेचं पाणी कोमट होऊन बसलेलं असतं. माझी नळी वेगळी, खाण्यापिण्याच्या पदार्थांना चालेल अशा प्लास्टिकची. काम झालं की निथळून दोन्ही टोकं एकमेकांत अडकवायची, म्हणजे आत झुरळ शिरत नाही. टाकीला नुसतं तोंड असून भागत नाही, हवा बाहेर पडायला वेगळी बारीक नळी लागते. ती तुंबली की पाणी तोंडाशीच उसळतं, आपल्याला वाटतं टाकी भरली, आणि ती असते अर्धी. जागा कुठली? पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये, जमिनीलगत. सत्तर लिटर म्हणजे सत्तर किलो, एक धडधाकट माणूस. टाकी भरलेली चालते, रिकामी चालते. अर्धी असली की घाटातल्या वळणावर पाणी हेलकावतं आणि गाडी ओढल्यासारखी होते, म्हणून आत आडव्या पट्ट्या. पुढे जाळी, मग १२ व्होल्टचा पंप. नळ उघडला की दाब उतरतो आणि पंप आपोआप चालू होतो. अमेरिकेतल्या जुन्या घडीच्या कॅम्परमध्ये बेसिनपाशी हातपंप असे. मला मनातून तोच जास्त पटतो, हात दुखला की माणूस पाणी जपून वापरतो.

आणि परत आल्यावर टाकी रिकामी. तळाची तोटी उघडायची, सगळे नळ उघडे सोडायचे, पंप क्षणभर चालवून पाइपातलंही काढायचं. परदेशी पुस्तकांत पानंच्या पानं थंडीवर असतात, पाइप फुटू नयेत म्हणून त्यांत प्रोपिलीन ग्लायकॉल भरायचं वगैरे. आपल्याला हिवाळ्यात लडाख-स्पितीला जायचं नसेल तर तो भाग उलटून टाकावा. आपला वैरी मे महिन्याचं ऊन, आणि त्याहून मोठा, जून ते सप्टेंबर एका जागी उभी राहिलेली गाडी. पावसाळ्यानंतर मी टाकी धुतो ती सोडियम हायपोक्लोराइटनं. पाच टक्क्यांचं द्रावण लिटरला एक मिलिलिटर, म्हणजे पाण्यात दर लिटरला साधारण ५० मिलिग्रॅम क्लोरीन होतं. हे पाणी प्यायचं नाही, टाकी धुवायचं आहे. प्रत्येक नळाला वास येईपर्यंत ते खेळवायचं, तीन-चार तास तसंच ठेवायचं, मग काढून टाकायचं आणि वास जाईपर्यंत साध्या पाण्यानं खळखळून घ्यायचं. गीझर असेल तर त्याला वगळून, कारण एवढं क्लोरीन त्याच्या धातूला खातं. आणि हायपोसोबत व्हिनेगर किंवा कुठलंही अ‍ॅसिड कधीच नाही, त्यातून विषारी वायू निघतो. प्यायचं पाणी तरीही वेगळ्या कॅनमध्ये नेतो. टाकीचं पाणी हात, भांडी आणि भाज्यांसाठी.

शंकेखोर : एवढं सगळं करून शेवटी प्यायचं पाणी वेगळंच! म्हणजे तुमचाही तुमच्या टाकीवर विश्वास नाही.

हौशी : माझा विश्वास टाकीवर नाही असं नाही. टाकीत जे येतं त्यावर नाही. तपासायला मी किट आणलं. नळाच्या पाण्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकायचे, क्लोरीन शिल्लक असेल तर पाणी पिवळं होतं. पिण्याच्या पाण्याचं जे भारतीय मानक आहे, आयएस १०५००, त्यात शेवटच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं असावं असं आहे. रस्त्यावरून आत येणाऱ्या लाइनीचं पाणी पिवळं झालं. गच्चीवरच्या टाकीतून आलेलं झालं नाही. आता सांगा, उन्हातला प्लास्टिकचा डबा कुणाचा? माझ्या डब्यातलं पाणी दोन दिवसांचं. चाळीस घरांची बिल्डिंग, घरटी चार माणसं, त्याच १३५च्या मापानं दिवसाला २१,६०० लिटर. खालची टाकी साठ हजारांची असली तर एकट्या तिथेच पाणी जवळजवळ तीन दिवस बसतं. वर गच्ची वेगळी. क्लोरीन वेळेनं उडतं, उष्णतेनं लवकर उडतं, तळाच्या गाळाशी झगडून संपतं. टाकी किती स्वच्छ दिसते यापेक्षा पाणी तिच्यात किती वेळ बसतं ते मी आधी विचारतो. हे मला गाडीनं शिकवलं, सोसायटीनं नाही.

शंकेखोर : मान्य. मी कमिटीवर होतो तेव्हा आम्ही टाकी धुवायची तारीख पाळायचो, पण पाणी किती वेळ बसतं हे कुणी मोजलं नाही. झाकण आहे का, बॉलकॉक नीट बंद होतो का, ओव्हरफ्लोच्या पाइपाला जाळी आहे का, इतकंच पाहायचं. जाळी तर महापालिकेचे लोक डेंग्यूच्या दिवसांत येऊन पाहतात, कारण तो डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो. तुमच्या गाडीच्या त्या हवेच्या नळीलाही जाळी लावा, डासाला शिरायला तेवढी वाट पुरते.

पण तुम्ही जे सोपं करून सांगताय ते सोपं का आहे तेही बघा. तुमची टाकी हात घालून धुता येते. आमच्या टाकीत माणूस उतरवावा लागतो. मार्च २०२५ मध्ये नागपाड्यात एका बांधकाम चालू असलेल्या इमारतीच्या भूमिगत टाकीत सफाईला उतरलेले चार कामगार गुदमरून गेले. त्याच्या आदल्या एप्रिलमध्ये विरारला सांडपाणी प्रक्रियेच्या टाकीत चार जण. सांडपाण्याचं लोकांना कळतं, वायू असतो. पाण्याच्या टाकीत काय असणार, असं वाटतं. बंद टाकीत शटरिंगचं राहिलेलं लाकूड कुजतं, लोखंड गंजतं, दोन्ही प्राणवायू खातात. त्यात कुणी पाणी उपसायला डिझेलचा पंप आत उतरवला तर कार्बन मोनॉक्साइड. वास नाही, रंग नाही, शिडीवर चक्कर येते आणि माणूस खाली. दुसरा त्याला काढायला उतरतो, तोही जातो. तेव्हा वरचेवर टाकी धुवा म्हणणं म्हणजे कुणाला तरी वरचेवर त्या खड्ड्यात पाठवणं आहे. तुमच्या सत्तर लिटरच्या शहाणपणात हा माणूस कुठेच नाही.

हौशी : नाही, हे खरं. पण मग याचा अर्थ टाकी धुवू नये असा कसा होईल? झाकणं दोन्ही बाजूंची उघडून आधी हवा खेळवा, वायुमापक आत सोडा, कमरेला दोर बांधा, वर माणूस उभा ठेवा, उपसा बाहेरून करा. हे सगळं ठेकेदाराच्या कागदावर असतं. स्वस्तातला ठेकेदार ते गाळतो आणि आपण स्वस्तातला निवडतो. माझा मुद्दा वेगळा आहे. माझ्या टाकीत पाणी भरणारा, वापरणारा आणि टाकी धुणारा एकच आहे. सोसायटीत भरतो वॉचमन, पितात सगळे, धुतो कुणी परका, सही करतो सेक्रेटरी. घाण पाण्यात शिरते ती या चौघांमधल्या फटीतून. टाकी छोटी करा असं मी म्हणत नाही. पण तुम्हाला खरंच एवढी मोठी लागते का, हे तरी विचारा.

शंकेखोर : इथे तुम्ही चुकताय. मोठी टाकी आम्ही हौसेनं बांधलेली नाही. लाइनीवर दुरुस्तीसाठी चोवीस तासांचं शटडाऊन लागलं की पुढचा दिवसभर दाब येत नाही. एकदा पाणी गेलं की टँकर. दहा हजार लिटरचा टँकर तुमच्याच मापानं अठरा कुटुंबांना एक दिवस. आणि टँकरचाही भरवसा नाही. एप्रिल २०२५ मध्ये भूजल उपशाच्या परवानगीच्या नियमांवरून मुंबईतल्या टँकरवाल्यांनी काही दिवस चाकं थांबवली तेव्हा मुंबईकरांची काय धावपळ झाली, आठवतं ना? ज्यांच्या टाक्या मोठ्या ते तरले. साठवण ही आमची पॉलिसी आहे, एलआयसीसारखी. हप्ता जड वाटतो, पण प्रसंगाला तीच उभी राहते.

हौशी : पॉलिसी म्हणता, पण हप्ता कोण भरतं तेही बघू. पाणी ठरावीक तासच येतं. त्या तासांत ज्या बिल्डिंगची खालची टाकी मोठी आणि रस्त्याच्या पातळीपेक्षा खोल, ती आधी ओढून घेते. बॉलकॉक बंद होईपर्यंत पुढच्यांचा दाब पडलेला. कुणी तर लाइनीवर थेट मोटर लावतात. मोठी टाकी पाणी वाढवत नाही, गल्लीतल्या शेवटच्या बिल्डिंगचं आपल्याकडे आणते. ती बिल्डिंग मग आणखी मोठी टाकी बांधते. आणि पाणी येत नाही त्या तासांत रिकाम्या लाइनीत, जिथे पाइप फुटका तिथे, गटाराचं पाणी आत झिरपतं. पाणी सुटल्यावर पहिल्या धारेबरोबर ते सगळ्यांच्या टाकीत. ज्याच्या भीतीनं टाकी बांधली त्याच्यामुळेच टाकी नासते. सातारा जिल्ह्यात, कराडजवळच्या मलकापूरनं मीटर बसवून चोवीस तास पाणी दिलं. पाइपात कायम दाब राहिला की बाहेरचं आत येत नाही आणि लोकांना साठवायची निकड उरत नाही. तिथे तुमची पॉलिसी कोण घेईल?

शंकेखोर : मलकापूर लहान गाव आणि कोयना उशाशी. इथे आम्ही सूर्या प्रकल्पाचं ऐकत आलो. एमएमआरडीएच्या त्या योजनेत एकूण ४०३ दशलक्ष लिटर, त्यातले १८५ वसई-विरारला आणि २१८ मीरा-भाईंदरला. ते सगळं आलं तर तुमचं म्हणणं कदाचित लागू होईल. पण तेही पाणी आकाशातून पडत नाही. सूर्येचं धरण डहाणू-पालघरच्या शेतीसाठी म्हणून बांधलं, ते पाणी शहरांकडे वळवायला तिथल्या शेतकऱ्यांनी विरोध केला. म्हणजे पुन्हा तेच. आपली टाकी भरते तेव्हा कुणाची तरी अर्धी राहते. गल्लीच्या शेवटाला असेल किंवा डहाणूत असेल.

आणि हेच मी पहिल्यापासून तुमच्या गाडीबद्दल म्हणतोय. तुम्ही इथून निघता, कसाऱ्याकडे जाता, वाटेत शहापूर तालुका. तानसा, भातसा, मोडकसागर, मुंबईला पाजणारी धरणं त्याच तालुक्यात, आणि त्याच तालुक्यातले पाडे मार्च-एप्रिलपासून टँकरची वाट बघतात. तिथल्या एखाद्या विहिरीवर तुमचा १२ व्होल्टचा पंप आणि स्वच्छ पांढरी नळी काय दिसेल?

हौशी : तिथे मी भरत नाही. म्हणूनच इथून भरून निघतो! सत्तर लिटर घरून नेले तर वाटेत कुणाच्या हंड्याला हात लावावा लागत नाही. तुम्ही इथला नळही बंद करायला सांगता आणि तिथली विहीरही. मग माणसानं घरातच बसावं का? राज्य सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, गाड्या उभ्या करायला जागा, तिथे पाणी, सांडपाण्याची सोय, असं सगळं त्यात आहे. तसं जागोजागी झालं तर प्रश्न सुटेल.

शंकेखोर : तसं झालं तर त्या जागांनाही टाकी लागेल, आणि ती कुणी तरी भरेल. सांडपाण्याचं तुम्ही काढलंत म्हणून विचारतो. बेसिनचं पाणी कुठे सोडता?

हौशी : त्याला वेगळी टाकी आहे. रस्त्यावर किंवा ओढ्याकाठी सोडत नाही, घरी आणून ड्रेनेजमध्ये ओततो. ती टाकी मला ताज्या पाण्याच्या टाकीपेक्षा जास्त शिकवते. घरी पाणी मोरीतून गेलं की संपलं. गाडीत वापरलेलं पाणी तुमच्याबरोबर प्रवास करतं, वासासकट. चाळीस घरांना आठवडाभर आपापलं सांडपाणी सांभाळायला दिलं ना, तर पाणीपट्टीचा वाद एका मीटिंगमध्ये मिटेल.

शंकेखोर : मिटणार नाही, आमच्या मीटिंगा तुम्ही पाहिलेल्या नाहीत. पण एक गोष्ट मी घेतो. लॉबीतल्या फळ्यावर मेंटेनन्स थकलेल्यांची नावं लावतो, त्याशेजारी टाकी धुतल्याची तारीख आणि आठवड्याचा क्लोरीनचा आकडा लावता येईल. पाणी कुठून आलं तेही, लाइनीचं की टँकरचं. टँकरचं पाणी विहिरीचं-बोअरचं, त्यात क्लोरीन कुणी घातलं तरच असतं. खालच्या टाकीत दोन्ही एकत्र झाली की तुमचे थेंब काय दाखवणार?

हौशी : टँकरच्या दिवशी वेगळं तपासायचं, कमी निघालं तर औषधाचा डोस त्या दिवशी. मी आणखी एक सुचवतो. पावसाळ्यात शटडाऊनची भीती कमी असते आणि नळाचं पाणी गढूळ येण्याची जास्त. त्या दिवसांत खालची टाकी निम्मीच भरा. बॉलकॉक खाली उतरवला की झालं. तीन दिवसांचं पाणी दीड दिवसाचं होईल.

शंकेखोर : आणि नेमकी त्याच आठवड्यात लाइन फुटली तर? वरच्या मजल्यावरच्या डायलिसिसच्या पेशंटला कोण जाऊन सांगणार, पाणी ताजं राहावं म्हणून आम्ही टाकी निम्मी ठेवली होती? पाणी नाही म्हटल्यावर माणूस सेक्रेटरीचं दार वाजवतो. पाणी शिळं होतं म्हणून आजवर कुणी माझं दार वाजवलेलं नाही.

हौशी : कारण कावीळ झालेल्याला आपली टाकी आठवत नाही, त्याला पाणीपुरीवाला आठवतो. दार वाजलं नाही म्हणजे त्रास झाला नाही असं कसं धरता?

शंकेखोर : धरत नाही. पण कमिटी चालवायची म्हणजे जे दार वाजतं ते आधी उघडावं लागतं. तुम्ही गाडीत ठरवता, किती भरायचं, कधी ओतून द्यायचं. चुकलात तर चौघं तहानलेले राहाल आणि पुढच्या ढाब्यावर पाण्याची बाटली घ्याल. आमच्याकडे दीडशे माणसं आणि पुढचा ढाबा नाही. निम्म्या टाकीचं रविवारी मीटिंगमध्ये मांडा. मी विरोध करीन, पण मांडा. किट घेऊन या, सगळ्यांसमोर दोन्ही नळांचं पाणी तपासू.

हौशी : रविवारी मी भंडारदऱ्याला असेन. बुकिंग झालंय.

शंकेखोर : मग किट वॉचमनकडे ठेवून जा. आणि थेंब किती टाकायचे ते त्याला नीट दाखवा.